साक्षी मलिकचं ब्राँझ 'लक'ने आलं म्हणणाऱ्यांसाठी

साक्षी मलिकबद्दल एक मेसेज परत परत फिरत असतो. म्हणणं साधारण असं, की 2016 च्या रिओ ऑलिंपिकला ती क्वार्टरफायनलमध्येच हरली होती, रेपेचाजच्या (हरलेल्या काही पैलवानांना ब्राँझसाठी मिळणाऱ्या दुसऱ्या संधीच्या) कृपेने परत आत आली, समोर दुबळ्या पैलवान होत्या, तसंही कुस्तीत दोन-दोन ब्राँझ वाटतात, आणि त्या एका दिवसानंतर तिने काहीच केलं नाही. लोक हे इतक्या सहज पुढे ढकलतात की राग येतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा, हरली तरी मेडल मिळालं. क्वार्टरफायनल ती हरली हे खरंय, रशियाच्या व्हॅलेरिया कोब्लोवाकडून 2-9 असा चांगलाच मार खाल्ला. पण रेपेचाज काय हरलेल्या सगळ्यांना मिळत नाही, फायनलला पोचलेल्या दोघींनी ज्यांना हरवलं फक्त त्यांनाच मिळतो. तो ठेवलाय कशासाठी ते बघा, रिओला कुस्तीत सीडिंगच (भारी पैलवानांना ड्रॉमध्ये एकमेकांपासून लांब ठेवणं) नव्हतं, म्हणजे ड्रॉमध्ये जगातल्या सगळ्यात भारी दोघी पहिल्याच कुस्तीत समोरासमोर आल्या असत्या तरी कोणी काही करू शकलं नसतं. ड्रॉ वाईट लागला म्हणून चांगला पैलवान घरी जाऊ नये यासाठी हा नियम आहे, म्हणजे तो नशिबाचा वाटा कमी करायला आहे आणि आपण त्यालाच नशीब म्हणतोय! कोब्लोवा पुढे फायनलला गेली, तिथे जपानच्या काओरी इचोने तिला 3-2 ने हरवलं आणि सलग चौथं ऑलिंपिक गोल्ड घेतलं. म्हणजे साक्षी हरली ती सिल्व्हरवालीकडून. कोब्लोवा फायनलला जाणं साक्षीच्या हातात नव्हतं, तेवढा भाग नशिबाचा म्हणा हवं तर. पण रेपेचाज फक्त दार उघडतो, मेडल देत नाही, आत जाऊन तिला अजून दोन कुस्त्या मारायच्या होत्या.

आणि एक गोष्ट मला खरंच विचारायची आहे. 2008 ला बीजिंगमध्ये सुशील कुमार पहिलीच कुस्ती युक्रेनच्या स्टाडनिककडून हरला, स्टाडनिक फायनलला गेला म्हणून सुशीलला रेपेचाज मिळाला आणि तिथून तीन कुस्त्या मारून त्याने ब्राँझ आणलं. 2012 ला लंडनमध्ये योगेश्वर दत्तचंही तसंच, कुदुखोवकडून हरला आणि रेपेचाजमधून वर आला. आपले खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला ब्राँझ घेऊन आले तेव्हा पद्धत वेगळी होती पण तेही गोल्ड आणि सिल्व्हरवाल्या दोघांकडून हरले होते. यातल्या कोणाच्या मेडलला आपण लक म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग साक्षीच्याच बाबतीत हा शब्द का येतो?

दुबळ्या पैलवान हा मुद्दा तर कुस्त्या न बघता लिहिलाय हे सरळ दिसतं. 17 ऑगस्ट 2016, एका दिवसात पाच कुस्त्या. स्वीडनच्या मॅटसनला 5-4, मोल्दोवाच्या चेर्दिवाराशी 5-5 बरोबरी होऊन निकषांवर विजय, मग कोब्लोवाकडून हार, मग मंगोलियाच्या ओर्खोनला 12-3, आणि शेवटी ब्राँझसाठी किर्गिझस्तानची आयसुलू टिनिबेकोवा. या कुस्तीत साक्षी 0-5 ने मागे होती. दिवसातली पाचवी कुस्ती, पाय जड झालेले, आणि तिथून ती पटात (समोरचीचे पाय धरायला) घुसत राहिली, एकेक करत पॉइंट बरोबरीत आणले, अगदी शेवटच्या सेकंदांत अजून दोन काढले, समोरच्यांनी पंचांच्या निर्णयाला चॅलेंज दिलं ते फेटाळलं गेलं त्याचा एक पॉइंट, 8-5. याच टिनिबेकोवाने पुढे 2019 आणि 2021 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड घेतलं, टोकियोला सिल्व्हर आणि पॅरिसला ब्राँझ. ही दुबळी असेल तर मग तगडी कोण?

दोन ब्राँझचं म्हणाल तर 2008 पासून ऑलिंपिक कुस्तीत सगळ्याच वजन गटांत दोन दिली जातात, पुरुषांनाही. यावर जास्त काय बोलणार.

आता 'नंतर काहीच केलं नाही'. आधीचंही सांगतो, कारण ती काही 2016 ला अचानक उगवली नव्हती, 2014 ला ग्लासगो कॉमनवेल्थचं सिल्व्हर आणि 2015 ला एशियन चॅम्पियनशिपचं ब्राँझ तिच्याकडे होतं. रिओनंतर एशियन चॅम्पियनशिपला 2017 सिल्व्हर, 2018 ब्राँझ, 2020 सिल्व्हर, मधे 2018 ला गोल्ड कोस्ट कॉमनवेल्थचं ब्राँझ. शिवाय 2018 पासून वजन गटच बदलले, तिचा रिओचा 58 किलो गेला, ऑलिंपिकसाठी त्याच्या आसपास उरले 57 आणि 62. ती 62 ला गेली, म्हणजे अंगाने मोठ्या बायकांशी कुस्ती. सीनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपला तिचं मेडल नाही, टोकियोला ती जाऊ शकली नाही कारण ट्रायलमध्ये सोनम मलिकने तिला हरवलं, आणि जकार्ता एशियन गेम्सच्या सेमीफायनलला हीच टिनिबेकोवा 8-7 ने जिंकून गेली. हे सगळं रेकॉर्डवर आहे, लपवायचं कारण नाही. करिअरला खाचखळगे होते असं म्हणा, मान्य. काहीच केलं नाही हे मात्र खोटं.

आणि मग 2022, बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ, 62 किलोची फायनल, समोर कॅनडाची आना गोडिनेझ गोन्झालेझ. साक्षी 0-4 ने मागे. दुसऱ्या राउंडमध्ये पट काढला, खाली घेतली आणि सोडलीच नाही, चितपट. कॉमनवेल्थचं सिल्व्हर होतं, ब्राँझ होतं, राहिलेलं गोल्डही आलं. रिओला 0-5, इथे 0-4, सहा वर्षांच्या अंतराने, वेगळं वजन, वेगळी प्रतिस्पर्धी. मागे पडल्यावर कुस्ती फिरवायची ही तिची सवयच होती, आणि ज्यांना अजूनही ते लक वाटतं त्यांनी या दोन कुस्त्या पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघाव्यात, दोन्ही मिळून पंधरा मिनिटंही लागत नाहीत.