झाडं किती लावली ते नको, माल कुठून आणला ते सांगा

५ जूनचा पर्यावरण दिन आला की टाइमलाइन रोपांच्या फोटोंनी भरून जाते. कंपनीचा टी-शर्ट, हातात रोप, मागे बॅनर. लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, मीही त्या रांगेत उभा राहिलोय. पण मोठ्या कंपन्यांनी निसर्गासाठी काय करावं असा विषय निघाला की आपली नजर आधी रोपांकडे जाते, आणि तिथेच आपण चुकतो असं माझं ठाम मत झालंय.

मी बरीच वर्षं खरेदी विभागात काढली. तिथे सगळं फिरतं ते कम्पॅरेटिव्हभोवती, म्हणजे दरांच्या तुलनेच्या कागदाभोवती. पुरवठादारांची नावं, त्यांचे दर, डिलिव्हरी, पेमेंटची मुदत. सगळ्यात कमी दराचा तो एल-वन, ऑर्डर त्याला. हे तेल, हा कागदाचा लगदा, हे रबर कुठल्या जमिनीतून आलं, तिथे आधी काय होतं, यासाठी रकानाच नव्हता. कंपनीचं पर्यावरण धोरण होतं, ते लिहिणारी माणसंही प्रामाणिक होती. पण ऑर्डर निघायची ती या कागदावरून. असल्या कितीतरी कागदांवर माझ्या सह्या आहेत, आणि ते मला आज सलतं.

पाम तेलाचंच घ्या. बिस्किटं, साबण, शाम्पू, लिपस्टिक, सगळीकडे ते असतं. लेबलवर 'पाम' लिहिलेलं असेलच असं नाही, ग्लिसरीन किंवा स्टिअरिक आम्ल या नावानेही ते आत आलेलं असू शकतं. जगातलं साधारण ८५ टक्के पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. तिथल्या जंगलांत धनेश पक्षी राहतात. मादी जुन्या, जाडजूड झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून बंद करून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. ती आत अंडी उबवते, पिल्लं सांभाळते, आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला फळं भरवत राहतो.

अशी ढोली तयार व्हायला झाड पिढ्यान् पिढ्या उभं असावं लागतं. ते तोडलं आणि दुसरीकडे दहा हजार रोपं लावली, तर त्या मादीला घर कुठलं? कार्बनचा हिशेब एकवेळ असा मांडता येतो, कारण एक टन कार्बन इथला काय नि तिथला काय. जीवसृष्टीचा नाही मांडता येत. म्हणून भरपाई हा शेवटचा उपाय, आधी नुकसान टाळायचं. हा क्रम पर्यावरणाच्या अभ्यासकांनी कधीच घालून दिलाय, आपण तो उलटा वाचतो.

पाम तेलावर सरसकट बहिष्कार घाला असं मात्र मी म्हणणार नाही. एका हेक्टरात पाम सोयाबीनच्या कित्येक पट तेल देतो. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर आणखी जमीन लागेल. प्रश्न पिकाचा नाही, ते कुठली जमीन मोकळी करून घेतलंय याचा आहे.

आणि खरेदीदाराने ठरवलं तर फरक पडतो, हे ब्राझीलमध्ये दिसलंय. २००६ साली सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की ॲमेझॉनमध्ये नव्याने जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन घ्यायचं नाही. त्याआधी तिथल्या सोयाबीनच्या वाढीतला जवळपास ३० टक्के हिस्सा थेट जंगलतोडीच्या जमिनीवर होता. २०१४ पर्यंत तो एका टक्क्याच्या आसपास आला. सोयाबीनचं क्षेत्र तरीही वाढतच राहिलं, आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीवर. शेजारच्या सेराडो या गवताळ, झुडपी प्रदेशाला मात्र ही अट लागू नव्हती, तिथे तोड चालूच राहिली. अट जिथे संपते, तिथे संरक्षणही संपतं.

उलट, नुसत्या संकल्पांचं काय होतं तेही पाहिलंय. २०१० मध्ये कंझ्युमर गुड्स फोरम या बड्या कंपन्यांच्या संघटनेने २०२० पर्यंत आपल्या पुरवठ्यातली निव्वळ जंगलतोड (तोडलेलं वजा नव्याने वाढवलेलं) शून्यावर आणण्याचं वचन दिलं होतं. २०२० आलं, गेलं, वचन पुरं झालं नाही.

म्हणून मला कायदा हवा आहे. २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जैवविविधता आराखड्याने मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीसकट निसर्गावरचा परिणाम जाहीर करावा, असं उद्दिष्ट ठेवलंय. युरोपियन युनियनचा २०२३ चा कायदा त्याहून नेमका आहे: ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलाच्या जमिनीवरचा माल नको, आणि जमिनीचा तुकडा नकाशावर दाखवा. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली याचा मला मनापासून राग आहे. मात्र नकाशे काढण्याचा खर्च दोन-चार हेक्टरच्या शेतकऱ्यावर ढकलू नये. नफा ज्याचा, खर्च त्याने उचलावा.

खरेदीत काम करणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या कम्पॅरेटिव्हमध्ये एक रकाना वाढवा: 'माल मुळात कुठला'. पुरवठादार 'माहीत नाही' म्हणाला, तर तसंच लिहा आणि तो कागद सहीला पाठवा.