धावायला आवडत नाही, तरी धावते

आधीच सांगून टाकते, मला धावायला आवडत नाही. दीड वर्ष झालं, आठवड्यातून तीन दिवस पहाटे धावते, तरीही आवडत नाही. पहिला किलोमीटर जिवावर येतो, दुसरा त्याहून जास्त. पाचवा संपला की आनंद होतो, तो फक्त संपल्याचा.

साताऱ्यात राहून हे असं उघड लिहिणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा नको म्हणण्यासारखं आहे. २०१२ साली इथली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेनं परत, एकूण २१ किलोमीटर. तेव्हापासून गावाला धावण्याचं वेड लागलंय. कुणाच्याही घरी जा, हॉलमध्ये गणपतीच्या फोटोशेजारी मेडल टांगलेलं दिसतं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली, तेव्हा तर इथे पोरींना पहाटे मैदानावर सोडायला आलेल्या आईबापांच्या स्कूटरची रांग लागायची. मी त्या वेळीही बॅडमिंटनच्या हॉलमध्येच होते.

बॅडमिंटन माझा खेळ. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी, बँकेतून थेट. दोन वर्षांपूर्वी एका साध्या डबल्सच्या गेममध्ये मागे जाऊन उडी मारली, उतरताना डावा पाय जमिनीवर रुतला आणि अंग वळलं. टक्. आवाज मला ऐकू आला, समोरच्या पार्टनरलाही. रात्रीपर्यंत गुडघ्याचा फणस झाला होता. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. ही दुखापत बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते, हे मला ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आदल्या दिवशी कळलं. पंधरा वर्षांत एकदाही कुणी हे सांगितलं नव्हतं, की उडी मारून खाली कसं यायचं हेही शिकावं लागतं.

ऑपरेशनचं सोडा, ते दुर्बिणीतून होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात. खरा छळ त्यानंतर. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि तो दाबायचा. दिवसभर तेच. सहाव्या आठवड्यात फिजिओबाईंनी टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या, डावी चार सेंटिमीटरनं बारीक. माझीच मांडी, पण बघून कुणा आजारी माणसाची वाटावी. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी आपल्याच मांडीच्या मागची दोरी काढून बसवतात. ती आत रुजायला कित्येक महिने जातात. फसवणूक अशी, की दुखायचं थांबतं दोन-तीन महिन्यांत आणि साधारण त्याच काळात ती दोरी सगळ्यात कच्ची असते. माणसाला वाटतं, झालो बरे. तिथेच लोक दुसऱ्यांदा तोडून घेतात.

चौथ्या महिन्यात फिजिओबाई म्हणाल्या, आता सरळ रेषेत पळा. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. वळणं, उड्या, बॅडमिंटन नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि तेही उडीची परीक्षा पास झालात तरच. एका पायावर उडी मारायला लावतात, अंतर मोजतात, दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे.

एकटीनं आठ दिवस प्रयत्न केला. आठातले दोन दिवस गेले असेन. मग शेजारच्या वहिनींनी त्यांच्या ग्रुपमध्ये ओढलं. मैदानावर पाच वाजून वीस मिनिटांनी जमणारी बारा-पंधरा माणसं. एसटीतून निवृत्त झालेले एक काका, दोन शिक्षिका, एक भूलतज्ज्ञ डॉक्टर, कॉलेजची पोरं. सगळी भली माणसं. त्यांचा एकच दोष, माझ्या आवडीची त्यांना फार काळजी. 'सहा महिने थांबा मॅडम, मग बघा, एक दिवस नाही पळालात तर चुकल्यासारखं वाटेल.' सहा महिन्यांनी म्हणाले, वर्षभर थांबा. आता विचारत नाहीत, नुसते माझ्याकडे बघून हसतात, दीक्षा घ्यायला उशीर करणाऱ्या शिष्याकडे बघावं तसे.

'रनर्स हाय'बद्दलही, म्हणजे धावता धावता चढणाऱ्या धुंदीबद्दलही, पुष्कळ ऐकलं. डॉक्टरांनी सांगितलं की पूर्वी त्याचं श्रेय एंडॉर्फिन या शरीरातल्याच वेदनाशामक रसायनाला द्यायचे, पण ते रक्तातून मेंदूत सहजासहजी शिरत नाही, म्हणून आता संशय गांजाच्या जातीच्या, पण शरीर स्वतःच बनवतं अशा रसायनांवर आहे. असेल. माझ्या मेंदूत ते दुकान उघडलेलंच नाही. मला सातव्या किलोमीटरला फक्त पोहे दिसतात.

आणि ग्रुपचं सगळंच गोड नसतं. पाचव्या महिन्यात एका रविवारी 'हळूहळू जाऊ, तुमच्या वेगानं जाऊ' म्हणत मला यवतेश्वरला नेलं. चढताना ठीक होतं. उतरताना गुडघ्यावर जो भार येतो त्याची कल्पना ना त्यांना होती ना मला. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि माझे ब्रेक अजून अर्धेच बसवलेले. संध्याकाळी गुडघा पुन्हा टम्म. फिजिओबाई अशा काही बोलल्या की त्यापेक्षा गुडघा बरा वाटला. 'तुम्ही नाही कसं म्हणाला नाहीत?' काय सांगणार? सगळे एवढे प्रेमानं 'चला चला' म्हणत होते. दुखापतीतून उठलेल्या माणसाला ग्रुपमध्ये सगळ्यात आधी काही शिकायचं असेल, तर ते 'तुम्ही व्हा पुढे' हे म्हणणं. मला ते जमायला चाळीस वर्षांच्या वर लागली.

मग जाते कशाला? आवडत नसेल तर सोड ना, पोहायला जा, असं नवरा दर पंधरा दिवसांनी म्हणतो. या बाबतीत मला आमच्या आईची आठवण येते. ती वीस वर्षं भजनी मंडळात जात होती. गळा नव्हता, हे तिलाही माहीत होतं. टाळ वाजवायची, तोही इतरांच्या पुढे पळायचा. भक्तीपोटी म्हणावं तर घरातली पूजा बाबांवर ढकललेली. एकदा विचारलं तर म्हणाली, 'अगं, मंगळवारी तीन वाजता उंबरा ओलांडायला काहीतरी लागतं.' मंडळानं तिला कधी सुरात गा म्हटलं नाही. एका मंगळवारी ताप आला म्हणून गेली नाही, तर संध्याकाळी सहा बायका घरी हजर.

हल्ली मात्र आवड असल्याशिवाय काही करायचीच सोय उरली नाही. धावायचं तर 'पॅशन' हवी, स्वयंपाक करायचा तर त्यावर प्रेम हवं, नोकरीतही जीव रमला पाहिजे. मी बँकेत २२ वर्षं आहे, माझा तिथे एक दिवसही जीव रमलेला नाही आणि माझी एकही एंट्री चुकलेली नाही. ग्रुपलाही खरं तर माझी आवड नकोय, हजेरी हवी आहे. ते त्यांना स्वतःला माहीत नाही इतकंच.

मागच्या पावसाळ्यात एकदा गजर बंद करून झोपले. पाच पस्तीसला खिडकीतून पाहिलं, तर एसटीवाले काका कोपऱ्यावर छत्री घेऊन उभे. माझ्यासाठी थांबलेले. फोन केला नाही, हाक मारली नाही, थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यावर चकार शब्द नाही. मेले असते तर बरं, असं वाटलं मला.

उडीच्या परीक्षेत अकराव्या महिन्यात पास झाले. बॅडमिंटन परत सुरू आहे, मागच्या कोपऱ्यातले शॉट अजून भीत भीत घेते, पण घेते. हॉलमध्ये पाऊल ठेवलं की अजूनही पोटात फुलपाखरं नाचतात. मांडी आता दोन्हीकडे सारखी भरते. म्हणजे धावणं सोडायला हरकत नाही, फिजिओबाईंनीही तसं सांगितलंय.

उद्या गुरुवार. पाच वीसला मैदानावर. बाहेर पाऊस लागलाय आणि मला आत्तापासूनच कंटाळा आलाय.