साठा कशाचा, आणि कितव्या मजल्यावर?

७ मे २०२५ ला देशभर 'ऑपरेशन अभ्यास' नावाची मॉक ड्रिल झाली, भोंगे वाजले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संकटासाठी घरी काय ठेवायचं त्याच्या याद्या येऊन पडायला लागल्या. बॅटरी, मेणबत्त्या, रोख रक्कम, सुकामेवा, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी. लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, हे सगळं लोकांना घाबरवून माल खपवायचे धंदे आहेत. आपल्या घरात महिन्याचा किराणा भरलेला असतो, वर लोणची-पापड, आणखी कसली तयारी हवी? दुसऱ्या तटानं ऑनलाइन तयार किट मागवलंसुद्धा. त्यात एक छोटी कुऱ्हाड, होकायंत्र आणि चंदेरी कागदासारखं ब्लँकेट निघालं. ठाण्यात बाविसाव्या मजल्यावर कुऱ्हाडीनं नेमकं काय तोडायचं, ते कुणी बोललं नाही. मी टोकियोत राहते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. "तूच सांग बाई, तुमच्याकडे तर सारखी जमीन हलते."

तो वाद अजून मिटलेला नाही. पावसाळा तोंडावर आला की पुन्हा उकरला जातो. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू खाण्यावरून भांडताहेत, आणि आपल्या घरांमध्ये खाणं ही सगळ्यात शेवटची काळजी आहे. त्याआधी एकच ठरवायचं असतं: संकट आलं तर तुम्ही घरातच थांबणार आहात, की घर सोडून जाणार आहात? हे ठरल्याशिवाय केलेली कुठलीही यादी अर्धी कामाची आणि अर्धी ओझ्याची.

जपानमध्ये घरोघरी दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक दाराजवळची पाठीवरची पिशवी, घर सोडताना उचलायची. दुसरा घरातला साठा, घरात अडकून पडलात तर पुरवायचा. सरकारी सल्ला असा की साठा किमान तीन दिवसांचा असावा, जमल्यास आठवड्याचा. पाणी माणशी रोज तीन लिटर. मी राहते त्या एदोगावा वॉर्डात मात्र हे प्रकरण जरा विचित्र आहे. नद्यांच्या मुखाशी वसलेला हा भाग, सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. २०१९ मध्ये वॉर्डानंच पुराचा नकाशा घरोघर वाटला आणि त्याच्या मुखपृष्ठावर आपल्याच हद्दीवर मोठ्या अक्षरांत छापलं, की इथे थांबू नका. पाणी भरलं तर काही ठिकाणी दोन आठवडेसुद्धा ओसरणार नाही, तेव्हा आधीच बाहेर पडा. म्हणजे आमच्याकडे भूकंपासाठी घरात साठा हवा आणि मोठ्या पुराच्या वेळी तोच साठा मागे टाकून निघायचं. एकाच घराच्या दोन याद्या, आणि त्यांत फारसं काही सारखं नाही.

आता हेच माप घरच्या वादाला लावून बघा. माझी आत्या सांगलीची. २००५, २०१९, २०२१ असे तीन पूर तिनं पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५. तिला कुणी 'घरात महिन्याचं सामान भरून ठेवा' म्हटलं तर ती हसते, कारण तळमजल्यावर भरलेलं सामान पुरात सगळ्यात आधी जातं. तिची यादी फुटांत असते. ३० फूट ऐकलं की डाळी-तांदळाचे डबे माळ्यावर. ३५ ला फ्रिज रिकामा करून टेबलावर, गॅसचा सिलिंडर काढून वर बांधून ठेवायचा, नाहीतर तो तरंगत जातो. त्याच वेळी स्कूटर विश्रामबागेला भाच्याकडे. ४० फुटांना तिची पिशवी खांद्यावर असते: सात-बारा, रेशनकार्ड, बँकेची पुस्तकं, सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, मामंजींच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, दोन लुगडी, चार्जर. बस. खाण्यातलं फक्त भडंग आणि शेंगदाण्याचे लाडू.

जपाननं ही गोष्ट कागदावर आणायला २०१५ चा किनुगावा नदीचा पूर यावा लागला. त्या वर्षी जोसो शहरात बांध फुटला, कितीतरी लोक घरांत अडकले, आणि मग 'माय टाइमलाइन' नावाची पद्धत सुरू झाली. वादळ यायला तीन दिवस असताना काय करायचं, एक दिवस असताना काय, सहा तास राहिले असताना कोण आजीला घेऊन निघणार, हे प्रत्येक कुटुंबानं तक्त्यावर भरायचं. शाळेत मुलांकडून भरून घेतात. आत्याचा तक्ता कागदावर नाही, एवढाच काय तो फरक. तिच्या शेजारी नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूंना तो माहीत नसतो, आणि हा फरक मात्र लहान नाही.

ठाण्यातल्या दादाचं उलट आहे. तो कुठेच जाणार नाही. पाऊस कितीही पडो, बाविसाव्या मजल्यावर पाणी येत नाही. वीज जाते, लिफ्ट थांबते, पंप थांबतो. 'पूर आमच्यापर्यंत पोचत नाही' म्हणणाऱ्या लोकांना मी मुसाशी-कोसुगीची गोष्ट सांगते. टोकियोला लागून असलेल्या कावासाकी शहरातला हा चकचकीत भाग, घरांच्या किमती आकाशाला भिडलेल्या. ऑक्टोबर २०१९ च्या हागिबिस वादळात तिथल्या एका ४७ मजली इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं. विजेची सगळी यंत्रणा त्याच तळघरात होती. घरं कोरडी ठणठणीत, पण लिफ्ट बंद, पाणी बंद, संडास बंद. लोक अंधाऱ्या जिन्यानं बाटल्या घेऊन चढत होते. आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा याची झलक काही तास मिळाली होती. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या गावांमध्ये तर कित्येक आठवडे वीज नव्हती.

तेव्हा दादाच्या घराला पहिलं लागतं पाणी. 'आमच्याकडे गच्चीवर टाकी आहे' हे त्याचं उत्तर, आणि ते निम्मं बरोबर आहे. टाकीत पाणी असतं तोवर वीज नसली तरी नळ येतो; टोकियोतल्या बऱ्याच इमारतींत पंपाचा थेट दाब असतो, वीज गेली की वरच्या मजल्यांचे नळ कोरडे. पण दादा ज्या यंत्रातलं पाणी पितो ते आरओ विजेवर चालतं. टाकीत पाणी आहे, नळाला पाणी आहे आणि प्यायला नाही, अशी अवस्था पहिल्याच संध्याकाळी येते. माणशी तीन लिटरच्या हिशेबानं चौघांना तीन दिवसांचं ३६ लिटर, आठवड्याचं ८४. म्हणजे निदान तीन दिवसांसाठी २० लिटरचे दोन जार कायम भरलेले, आधीचा वापरायला काढला की नवा मागे ठेवायचा, आणि सोबत क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी. कुऱ्हाडीपेक्षा स्वस्त पडतं. २०१९ च्या पुरात कोल्हापुरात उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि शहराचं पाणी बंद झालं होतं. चहूकडे पाणी आणि पिण्यासाठी टँकरची वाट, हे तिथल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं लागतं ते आपल्याकडच्या एकाही यादीत मला दिसलेलं नाही, आणि चारचौघांत विषय काढला की लोक तोंड वाकडं करतात: संडास. जपानमध्ये माणशी दिवसाला पाच वेळा असा हिशेब धरतात. चौघांच्या घराला आठवड्याचे १४० वापर. आकडा ऐकून हसू येतं, पण करून बघा. इथल्या दुकानांत त्यासाठी पाकिटं मिळतात: काळी पिशवी आणि पुडीत पावडर. आधी एक साधी पिशवी कमोडच्या भांड्यावर पसरून बसण्याची कड खाली घ्यायची. ती पिशवी तशीच राहते, नाहीतर भांड्यातल्या पाण्यानं प्रत्येक पिशवीचं बूड ओलं होऊन ती घरभर ठिबकते. तिच्यावर, कडेच्या वरून, दुसरी काळी पिशवी. काम झालं की पावडर टाकायची, काही सेकंदांत सगळं घट्ट होतं, वरची पिशवी गाठ मारून बाजूला. भूकंपानंतर टाकीत पाणी असलं तरी फ्लश करू नका, असं उंच इमारतींना बजावून सांगतात. मधला पाइप तुटलेला असेल तर वरच्यांची घाण खालच्यांच्या घरात उतरते. संडासला जायला नको म्हणून लोक पाणी पिणं तोडतात आणि पाय सुजून, रक्ताच्या गुठळ्या होऊन आजारी पडतात, हे इथे भूकंपामागून भूकंपात दिसलं आहे. आपल्याकडे ही पाकिटं शोधत बसायची गरज नाही. कचऱ्याच्या जाड काळ्या पिशव्या आणि लाकडाचा भुसा किंवा मोठ्यांचे डायपर, एवढ्यानं भागतं. सासूबाईंचे गुडघे आणि बावीस जिने यांचा विचार केला तर हा खर्च आधी करावा.

औषधांचं थोडक्यात. रोजच्या गोळ्या संपायला चार दिवस उरल्यावर आणायला जाणारी माणसं आपल्या घरोघरी आहेत. पंधरा दिवसांच्या जास्तीच्या ठेवा. इथे बहुतेकांकडे औषधांची एक छोटी वही असते, केमिस्ट दर वेळी तिच्यात चिठ्ठी चिकटवतो, आणि संकटात ती दाखवली की परका डॉक्टरसुद्धा गोंधळत नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक झेरॉक्स पिशवीत, एवढं केलं तरी पुष्कळ.

रोख रकमेवर ग्रुपवर फार टिंगल झाली. यूपीआयच्या काळात नोटा कोण ठेवतं? सप्टेंबर २०१८ मध्ये भूकंपानंतर अख्ख्या होक्काइदो बेटाची वीज गेली, तेव्हा दुकानं हातानं हिशेब करून माल देत होती, पण फक्त रोखीनं. पाचशेच्या नोटा ठेवून उपयोग नाही, सुटे कुणाकडे नसतात. दहा, वीस, पन्नास, शंभराच्या ठेवा.

मेणबत्त्या मी यादीतून काढून टाकीन. हादऱ्यांमध्ये गॅस गळत असू शकतो आणि मेणबत्ती कलंडते. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. चंदेरी ब्लँकेट उबदार खरं, पण बारमाही घाम येणाऱ्या ठाण्याला ते कशाला? खाण्याबद्दल पहिल्या तटाचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. इथला संकटकाळचा भात गार पाण्यात तासभर भिजवून खातात, आणि तो मेतकुटाशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही. पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ ज्या घरात कायम असतात तिथे वेगळा डबा विकत घेणं म्हणजे पैसे उडवणं.

माझं हे सगळं ऐकून घरी कुणाला वाटतं की जपानी माणूस तयारीत पक्का असतो. तसंही नाही. ८ ऑगस्ट २०२४ ला दक्षिणेत ७.१ मॅग्निट्यूडचा धक्का बसला आणि सरकारनं पहिल्यांदाच महाभूकंपाची खबरदारीची सूचना काढली. दर १ सप्टेंबरला, १९२३ च्या भूकंपाच्या स्मरणदिनी, शाळा-कचेऱ्यांमधून कवायती करणाऱ्या याच देशात पाण्याच्या बाटल्यांची फडताळं रिकामी झाली, आधीच कमी असलेला तांदूळ आणखी मिळेनासा झाला, दुकानांनी माणशी मर्यादा लावल्या. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी सहा खोकी पाणी आणून ठेवलं आणि मग ते कपाटावर रचलं. भूकंपासाठी आणलेलं पाणी भूकंपात डोक्यावर पडेल अशा जागी!

या ठिकाणी मी साठ्याच्या यादीवरच अविश्वास दाखवते. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात ६४०० हून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक कोसळलेल्या घरांखाली आणि कपाटांखाली. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं गेली ती मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली. दाराशी कितीही भरलेली पिशवी असती तरी काय झालं असतं? १ जानेवारी २०२४ च्या नोतोच्या भूकंपात कित्येकांचा नेटका साठा पडलेल्या छपराखालीच राहिला. म्हणून आमच्या घरात पहिला खर्च झाला तो कपाट भिंतीला आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर. कोयनेच्या, लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात ज्यांच्या पलंगाच्या डोक्याशी लोखंडी गोदरेज उभं आहे त्यांनी पिशवीच्या आधी ते हलवावं.

दादाच्या बाबतीतही त्याच्या एकट्याच्या घरातल्या जारांपेक्षा मोठी गोष्ट सोसायटीच्या हातात आहे. मुसाशी-कोसुगीत बुडाली ती कुणाची स्वयंपाकघरं नव्हेत, सगळ्यांची मिळून असलेली एक खोली. मी त्याला पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी चार प्रश्न लिहून पाठवले. जनरेटर आणि विजेचं पॅनेल कुठल्या पातळीवर आहे? जनरेटरवर पंप जोडलेला आहे, की फक्त लॉबीतले दिवे आणि एक लिफ्ट? डिझेल किती तासांचं असतं? एकटे राहणारे वृद्ध आणि ऑक्सिजनवर असलेले रुग्ण कितव्या मजल्यावर आहेत, याची नोंद कुणाकडे आहे? सभेत पार्किंगवरून दोन तास गेले. जनरेटर तळघरात आहे, एवढं सेक्रेटरींनी सांगितलं. पंपाचं विचारून कळवतो म्हणाले.