‘इंजिनात दमच नाही’ या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

रेल्वे सिम्युलेटर गेमसाठी आम्ही बनवलेल्या डब्ल्यूएपी-४ या विजेच्या इंजिनाच्या पॅकला तुम्ही दोनच तारे दिलेत. त्यातला ब्लोअरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या) आवाजाचा राग अगदी रास्त आहे. मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा छोटा होता, त्याची टोकं आम्ही नीट जुळवली नाहीत आणि दर काही सेकंदांनी टक् असा आवाज येतो. तासभर गाडी चालवली तर डोकं उठणारच. चूक आमची, दुरुस्ती चालू आहे.

“२४ डबे लावले की कर्जतहून घाट चढत नाही, चाकं नुसती जागच्या जागी फिरतात,” या तक्रारीवर मात्र वाद घालतो. बोर घाटाचा चढ ३७ ला १. भरलेला डबा पन्नासेक टनांचा धरा, त्यात इंजिनाचे ११२.८ टन मिळवा; एकूण तेराशेच्या वर जातं. भागिले ३७ केलं की नुसत्या चढापोटीच पस्तीस टन ओढ लागते. हे इंजिन सुरुवातीला देतं तीसेक टन. खऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, जोडतात ते उगाच नाही. आमच्या पॅकमध्येही बँकर आहेत, मागे लावून बघा. ताकद दीडपट करून द्या, असं सांगणारे तुम्ही पहिले नाही. आम्हालाही एक आकडा बदलायला मिनिट लागणार नाही. पण मग ते डब्ल्यूएपी-४ कसलं, त्याचा रंग फासलेलं भलतंच काहीतरी!

वेग लगेच येत नाही, कारण यात टॅप चेंजर आहे, म्हणजे मोटरांना मिळणारा व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारी यंत्रणा. हवेच्या दाबावर चालणारी सर्वोमोटर ३२ टॅप एकेक करून चढवते. डब्ल्यूएपी-७ सारख्या थ्री-फेज इंजिनाचा हात बसला असेल तर हे रटाळ वाटेल. इथे अ‍ॅमीटरवर डोळा ठेवूनच नॉच, म्हणजे ताकदीच्या पायऱ्या, घ्यायचे.

आणि “इंजिन मध्येच बिनकारण बंद पडतं” म्हणता, त्याचा स्क्रीनशॉट पाहिला. तो न्यूट्रल सेक्शन आहे. दोन बाजूंच्या सबस्टेशनचे फेज वेगळे, म्हणून मधे वायरचा बिनविजेचा तुकडा असतो. ५०० आणि २५० मीटर आधी पाट्या लागतात. त्या दिसल्या की नॉच शून्यावर आणून डीजे, म्हणजे मुख्य ब्रेकर, उघडायचा. (हे नाव फ्रेंचमधून आलंय, म्हणून आद्याक्षरं इंग्रजीशी जुळत नाहीत.) पलीकडे गेलं की बीएलआरडीजे हे बटण दाबून ब्रेकर परत लावायचा. टॅप शून्यावर नसेल तर तो लागतच नाही. तुम्ही अकरा वेळा दाबलात आणि शेवटी गेम बंद केलात, तिथे हेच झालं.

पण हे तुम्हाला कळणार कसं? आमच्या माहितीपत्रकात न्यूट्रल सेक्शनवर जेमतेम दोन ओळी आहेत. ते प्रकरण नव्याने लिहायला घेतलंय, सोबत कॅबमधल्या दिव्यांचा तक्ताही देऊ.

पैसे परत हवे असतील तर खरेदीच्या पानावरून विनंती पाठवा, अडवणार नाही. ब्लोअरची दुरुस्ती आली की याच अभिप्रायाखाली कळवतो.