अमेरिकेच्या भिंतीत पाइप नसतो, पण बाकी सगळं असतं

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतो आहे. अमेरिकेतल्या एका घरात लाकडी चौकटीची भिंत उभी आहे. वायरमन उभ्या दांड्यांना भोकं पाडतो, त्यातून पिवळी केबल ओढतो, वर बोर्ड ठोकतो, काम संपलं. पाइप कुठेच नाही. सोबत मजकूर असा: ‘अमेरिकेत पाइप लागत नाही, मग आपल्याला कशाला? एफआर वायर घ्या, सगळ्या लाइनी झिप टायने एकत्र बांधा आणि जिप्समच्या पार्टिशनमधून सरळ ओवून घ्या. काही झालंच तर एमसीबी पडेल. पाइप म्हणजे वायरमनचा बिल फुगवायचा धंदा.’

हे लोकांना पटतं, त्याला कारण आहे. बऱ्याच नव्या टॉवरांमध्ये भिंती मायवान पद्धतीच्या असतात, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून काँक्रीटच्याच ओतलेल्या. पाइप काँक्रीट ओतण्याआधीच आत टाकलेले असतात, त्यामुळे बिल्डरने दिले तेवढेच पॉइंट. पुढे एसीची एखादी लाइन वाढवायची झाली तर अशा भिंतीत झिरी मारणं कठीण, आणि मारूही नये, कारण ती भिंतच इमारतीचा भार पेलत असते. मग इंटिरिअरवाला पत्र्याच्या चौकटीवर जिप्सम बोर्ड चढवून पुढे एक पोकळ भिंत उभी करतो. सगळी नवी वायरिंग त्या पोकळीत जाते. दिसायला थेट व्हिडिओतल्यासारखी. तेव्हा एकेक दावा तपासू.

‘अमेरिकेत पाइप लागत नाही.’

अर्धं खरं. व्हिडिओतल्या केबलमध्ये दोन किंवा तीन इन्सुलेटेड तारा, सोबत अर्थिंगची उघडी तार आणि या सगळ्यांवर पीव्हीसीचं आणखी एक कवच असतं. आपण दुकानातून ९० मीटरची कॉइल आणतो ती एकेरी वायर असते. तांबं आणि त्यावर इन्सुलेशन, बस्स. शॉक लागू न देण्याचं काम त्याच इन्सुलेशनचं, आणि घासणं, चेंगरणं, उंदराचे दात हेही त्यानेच सोसायचं. आपल्याकडे पाइप हेच ते दुसरं कवच आहे. म्हणून आयएस ७३२ ही आपली वायरिंगची आचारसंहिता अशी एकेरी वायर उघडी न्यायला परवानगी देत नाही. पाइप हवा, नाहीतर ट्रंकिंग, म्हणजे झाकणाची चौकोनी पट्टी.

शिवाय व्हिडिओत बरंच काही नजरेत भरत नाही. तिथल्या नियमानुसार भोक दांडीच्या कडेपासून सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर तरी आत हवं. तेवढी जागा नसेल तर तिथे लोखंडी पट्टी ठोकावी लागते, म्हणजे नंतर कोणी खिळा मारला तरी तो केबलपर्यंत पोहोचत नाही. जॉइंट फक्त बॉक्समध्ये, आणि तो बॉक्स भिंत न फोडता उघडता आला पाहिजे. २० अँपिअरच्या सर्किटला १२ गेजची तार लागते, जी आपल्या हिशोबाने सुमारे ३.३ चौरस मिलिमीटर भरते. आपल्याकडे २० अँपिअरच्या एमसीबीमागे, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचमागे, सर्रास २.५ ची वायर दिसते. घरातल्या साध्या सॉकेटला तिथे १२० व्होल्ट, आपल्याला २३०. आणि अमेरिकेतच शिकागो शहरात घरांनासुद्धा धातूच्या पाइपातच वायरिंग करावी लागते. हा व्हिडिओ शिकागोत काढलेला नाही, एवढं नक्की.

‘एफआर वायर आहे, मग भीती कसली?’

एफआर म्हणजे आग लागली तर वायरीवरून ती पुढे सरकू नये, एवढीच हमी. वायर तापणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस, एफआरचीही तीच. एचआर लिहिलेली वायर ८५ अंशांपर्यंत जाते, पण ती वेगळी मागावी लागते.

‘सगळ्या लाइनी एकत्र बांधा, एमसीबी आहेच.’

सगळ्यात घातक वाक्य हे, आणि सगळ्यात कमी लोकांना खटकणारंही हेच. एकत्र बांधलेल्या वायरी एकमेकींना तापवतात. मधल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही. आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. २.५ च्या वायरीतून १० अँपिअर गेले तर दर मीटरला सुमारे ०.८ वॅट, २० गेले तर ३.२ वॅट. फेज आणि न्यूट्रल दोन्ही धरले तर याच्या दुप्पट.

हिशोब मांडून बघा. ३० अंशांत, भिंतीवरच्या पाइपात एकच सर्किट असेल तर २.५ च्या पीव्हीसी वायरीची क्षमता २४ अँपिअर धरतात. मे महिन्यात फॉल्स सीलिंगच्या वर ४० अंश धरले तर ०.८७ ने गुणायचं. तीन सर्किटं एकत्र असतील तर आणखी ०.७० ने. उरतात साडेचौदा अँपिअर. सहा सर्किटांचा गठ्ठा असेल तर गुणक ०.५७ वर येतो. पार्टिशनमध्ये आवाज अडवायला ग्लासवूल भरलं असेल तर सुरुवातच २४ ऐवजी साडेएकोणीसपासून करायची, आणि तीन सर्किटांना जेमतेम १२ अँपिअर हाती लागतात.

आता एमसीबी बघा. मानकाप्रमाणे २० अँपिअरचा एमसीबी २२.६ अँपिअरला तासभर तरी पडायचाच नाही, तसाच तो बनवलेला असतो. किचनच्या एका लाइनवर २,००० वॅटचं इंडक्शन आणि १,५०० वॅटची किटली एकदम चालली तर १५ अँपिअर होतात. वायर आपल्या मर्यादेबाहेर गेली, एमसीबीला पत्ताही नाही. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल.

दीड टनाचा एसी मात्र सात-आठ अँपिअरच घेतो. त्यामुळे एसीच्या लाइनींचा गठ्ठा पहिल्याच उन्हाळ्यात जळत नाही. ‘आमच्याकडे पाच वर्षं असंच आहे’ असं ग्रुपवर कोणीतरी लिहितं, ते खोटं नसतं. पीव्हीसी तापून तापून कडक होतं आणि भेगाळतं, त्याला वर्षं लागतात.

आणि हो, पाइप वायर थंड करत नाही. एकाच पाइपात आठ सर्किटं कोंबली तर हाच हिशोब तिथेही लागतो, ०.५२ ने. अशी कोंबाकोंबी करणारे वायरमन आपल्याकडे कमी नाहीत. पाइपाचा सुमारे चाळीस टक्के भागच वायरीने भरावा. गीझर, एसी आणि किचनच्या लाइनी वेगवेगळ्या पाइपांतून न्याव्यात, नाहीतर वायर ४ ची घेऊन एमसीबी लहान लावावा. झिप टायबद्दल इतकंच, की त्याने वायरी नीटनेटक्या दिसतात. करकचून आवळला तर इन्सुलेशनला खाच पडते.

‘जिप्समच्या पार्टिशनमधून सरळ ओवा.’

लाकडाच्या भोकाची कड बोथट असते. आपल्या चौकटीतल्या जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातलं भोक कात्रीने किंवा ग्राइंडरने कापलेलं. म्हणजे पातंच. वायर त्यावरून ओढताना सोलली जाते आणि हे बोर्डामागे होत असल्याने कोणाला दिसत नाही. अमेरिकेतसुद्धा पत्र्याच्या चौकटीतून हीच केबल न्यायची असेल तर प्रत्येक भोकाला ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारी कडी, सक्तीचं आहे. व्हिडिओतलं घर लाकडी होतं म्हणून ते दिसलं नाही.

सोललेली फेज पत्र्याला टेकली की अख्खी चौकट लाइव्ह होते. चौकटीला अर्थिंग नसेल तर मोठा प्रवाह वाहत नाही, म्हणून एमसीबी पडत नाही. मग कोणीतरी त्याच चौकटीवर बसवलेल्या टीव्हीच्या ब्रॅकेटला हात लावतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून लाइन तोडणारा स्विच, असेल तर त्या क्षणी तो पडतो. नसेल तर नाही.

स्क्रूचंही बघा. बोर्ड साडेबारा मिलिमीटर जाड, स्क्रू २५ चा, म्हणजे निम्मा स्क्रू पोकळीत शिरतो. पट्टी ५० मिलिमीटरची असेल आणि वायर बरोबर मध्यातून गेली तर ती वाचते. सैल सोडलेला गठ्ठा मध्यात राहत नाही, तो बोर्डाला टेकून लोंबतो. पुढे टीव्ही, आरसा, कपाट लावायला येणारा माणूस याहून लांब स्क्रू घेऊन येतो आणि आत काय आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

‘पाइप म्हणजे वायरमनचा धंदा.’

वायरिंगच्या बिलात सगळ्यात जड तांबं असतं. पीव्हीसी पाइपाची रक्कम त्यापुढे किरकोळ. उलट पाइप असेल तर दहा वर्षांनी जुनी वायर ओढून काढून नवी घालता येते. बांधलेल्या गठ्ठ्यासाठी बोर्ड फोडावा लागतो. वायरमनशी घासाघीस करायचीच असेल तर दुसऱ्या गोष्टींसाठी करा: काम परवानाधारकाकडूनच, प्रत्येक लाइनची वायर किती चौरस मिलिमीटरची आणि तिच्यापुढे एमसीबी किती अँपिअरचा हे डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीच्या, झाकणावर लिहिलेलं, बोर्डामागे टेप गुंडाळलेला एकही जॉइंट नाही. बोर्ड चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासून घ्या, १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन पुन्हा ओढायला लावा. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.