चौदा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाविषयी आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपण आमच्या गॅरेजला एक तारा देऊन तीन आक्षेप नोंदवले आहेत. चौदा वर्षांपूर्वी गाडी उभी केली तेव्हा इंजिन उत्तम चालत होते, त्यामुळे नवी बॅटरी आणि ताजे पेट्रोल एवढ्यावर एका दुपारी व्हायला हवे होते ते काम आम्ही कित्येक आठवडे लांबवले, हा पहिला. बिलात ‘साफसफाई’ या नावाखाली गरज नसलेली कामे घातली, हा दुसरा. आणि इतके करूनही सकाळी गाडी सुरू केली की निळसर धूर येतोच, हा तिसरा. हा अभिप्राय इतरही वाचतील आणि त्यांच्यापैकी काहींकडे अशीच एखादी गाडी झाकून ठेवलेली असेल, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

इंजिन उत्तम चालत होते, याबद्दल आमचा वाद नाही. परंतु बंद इंजिनातही काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि त्या वाटेने दमट हवा सिलिंडरपर्यंत पोहोचत राहते. भिंतींवरचा तेलाचा थर ओघळून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरला की बिडाचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि पिस्टनच्या रिंगा जिथे टेकलेल्या असतात नेमका तिथे गंज धरतो. आपल्या गाडीचे प्लग काढून आत कॅमेरा सोडला तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमध्ये हे तांबूस कडे स्पष्ट दिसले आणि त्याचे छायाचित्र आम्ही त्याच संध्याकाळी आपल्याला पाठवले होते. त्यानंतर क्रँकशाफ्टच्या (पिस्टनना जोडलेल्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिले, तर ते जागचे हलले नाही. अशा वेळी बॅटरी जोडून सेल्फ मारला असता, तर रिंग तुटण्याचा, बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) ओरखडे उमटण्याचा आणि एखादा व्हॉल्व्ह त्याच्या नळीत, म्हणजे गाइडमध्ये, अडकलेला असल्यास त्याला ढकलणारा पुशरॉड वाकण्याचा धोका होता.

वेळ गेला तो इथे. गंज सोडवणारे पातळ तेल प्लगच्या छिद्रांतून आत सोडून ते रिंगांच्या फटींत झिरपेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो. अधूनमधून आणखी तेल घालायचे, पान्यावर हलका दाब द्यायचा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागेपुढे किंचित डोलवायची, आणि पुन्हा थांबायचे. पान्याला लांब पाइप जोडून जोर लावला असता तर इंजिन कदाचित पहिल्याच दिवशी फिरले असते, पण आत काय मोडून ते फिरले हे आपल्याला आणि आम्हाला नंतर कळले असते. पुली पहिल्यांदा सरकली ती नखभर, आणि तिथून पूर्ण फेरा मोकळा व्हायलाही बराच अवधी लागला.

आता साफसफाईविषयी. टाकीतले जुने पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जेटची बारीक छिद्रे त्याच राळेने बुजतात आणि त्यात येणारे पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई उघडी अडकली तर पेट्रोल बाहेर सांडत राहते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल तर पाणीही धरून ठेवते, त्यामुळे टाकीचा तळ आतून गंजतो आणि जुन्या प्रकारचे रबरी पाइप फुगतात किंवा चिरतात. असा पाइप तापलेल्या सायलेन्सरच्या वर गळू लागला तर काय होईल, हे सांगायला नको. चेंबर उतरवणे आपल्याला अनावश्यक वाटले, पण ऑइल पंपाच्या जाळीवर बसलेला काळा गाळ तसाच राहिला असता तर ताजे ऑइल भरूनही ते बेअरिंगपर्यंत पोहोचले नसते. म्हणूनच जाळी स्वच्छ केल्यावरही आम्ही इंजिन लगेच सुरू केले नाही. प्लग बाहेर ठेवून, म्हणजे बेअरिंगवर कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा) भार न येऊ देता, ऑइल प्रेशरच्या काट्याने जागा सोडेपर्यंत ते नुसते सेल्फवर फिरवले आणि मगच प्लग बसवले. पाण्याचे मार्ग धुणे आणि प्लगना ठिणगीसाठी वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट घासून गॅप लावणे ही नेहमीचीच कामे होती.

‘कार्बोरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल ओतून मी गाडी चालू करून दाखवली असती’, असे दुसऱ्या एका मेकॅनिकने आपल्याला सांगितल्याचे आपण लिहिले आहे. मोकळ्या इंजिनाच्या बाबतीत ते शक्यही आहे. मोबाइलवर तशा चित्रफिती पुष्कळ दिसतात, फक्त इंजिनाने आवाज दिला की बहुतेकांचे चित्रीकरण तिथेच थांबते. आपले इंजिन जाम होते, त्याला तो उपाय लागू पडत नव्हता.

धुराबद्दलची आपली तक्रार मात्र खरी आहे, आणि गाडी देताना दिलेल्या कागदावर तिचे कारण लिहिलेले आहे. बाकीच्या तीन सिलिंडरचे कॉम्प्रेशन 125 ते 130 पीएसआय (दाबाचे एकक) आले, तर तिसऱ्याचे 85. त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजले तेव्हा आकडा 115 वर गेला. ऑइलने आकडा वाढतो तेव्हा गळती व्हॉल्व्हपेक्षा रिंगांमधून होत असते. अशा रिंगा गाडी नियमित चालवली, इंजिन पुरते तापले आणि थंड झाले, की पुष्कळदा आपोआप मोकळ्या होतात. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी सोडलेला धुराचा एक लोट मात्र व्हॉल्व्हच्या वाळलेल्या सीलमधून उतरलेल्या ऑइलचा असू शकतो, आणि ते सील हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवताही बदलता येतात. आपला धूर दोन-तीन मिनिटांत थांबतो की चढावर जोर देतानाही येतो, एवढे पाहून कळवावे. जोर देताना येत असेल तर रोख रिंगांकडेच राहील.

ठरल्याप्रमाणे पहिल्या 500 किलोमीटरनंतर ऑइल बदलायचे आहे, कारण आत सुटलेला गंज आणि गाळ त्यात उतरलेला असेल. त्याच वेळी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन आपल्यासमोर मोजू आणि त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. तिसऱ्याचा आकडा तोवर वाढला नाही, तर हेड उतरवण्याविषयी बोलू; तोपर्यंत आपला तो मोठा खर्च आम्ही सुचवणार नाही. दरम्यान इंजिन तापण्यापूर्वी त्याला जोराची रेस देऊ नये आणि दर आठवड्याला डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहावी. काढलेले सर्व जुने भाग आपल्या नावाच्या खोक्यात ठेवले आहेत. येताना ते घेऊन जावेत.