न्यूमोनिया ‘थंडी बसल्यानं’ होत नाही

पाऊस लागला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर फिरतो: “लेकराच्या छातीत थंडी बसली की न्यूमोनिया होतो. केळी, दही बंद करा. नाकात कोमट तेल सोडा, छाती शेका. नाहीच उतरला तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून तीन दिवस द्या.” लोक चांगल्या मनानंच तो पुढे पाठवतात. पण त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट लेकराच्या जिवावर बेतू शकते.

आधी थंडीचं बघू. नुसत्या थंडीनं न्यूमोनिया झाला असता, तर मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, आपल्याकडे एकही लेकरू आजारी पडलं नसतं. हा संसर्ग आहे. फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या पू आणि पाण्यानं भरतात. पावसाळ्यात-हिवाळ्यात रुग्ण वाढतात हे खरं. त्या दिवसांत विषाणू जास्त पसरतात आणि दारं लावलेल्या घरात लेकरू चुलीच्या धुरात मायच्या मांडीवर असतं. तो धूर फुफ्फुसाची राखण कमजोर करतो, त्याबद्दल मजकुरात अक्षर नाही. नवजात, कमी वजनाच्या बाळाला मात्र ऊब हवीच. ती मायच्या उघड्या छातीशी धरून द्या. केळी-दह्याचा इथं काही संबंध नाही. उलट खाणं तोडल्यानं अशक्त लेकरू आणखी खंगतं.

आता अँटिबायोटिक. न्यूमोनिया एका जंतूचा नसतो. न्यूमोकोकस आणि हिब हे जिवाणू लहान लेकरांना गाठतात, तिथं अमॉक्सिसिलिन कामी येतं. आरएसव्ही किंवा फ्लूच्या विषाणूवर ते काहीच करत नाही. शाळकरी पोरांमध्ये आढळणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच नसते; अमॉक्सिसिलिन त्या भिंतीवरच घाव घालतं, त्यामुळे त्यालाही ते लागू पडत नाही. गोवरानंतरचा न्यूमोनिया तर फार वाईट. दारूच्या नशेत किंवा लकव्यानंतर अन्न-उलटी श्वासनलिकेत गेली तरी न्यूमोनिया होतो. दोन आठवड्यांहून जुना खोकला टीबीचा असू शकतो. त्याची थुंकी तपासायलाच हवी. एवढ्या सगळ्यांवर तीन दिवसांची एकच गोळी कशी चालेल?

नाकात तेल सोडणं आजच थांबवा. ते थेट फुफ्फुसात उतरू शकतं आणि तिथं जंतूशिवायच सूज आणतं. पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं रॉकेल लेकरानं घोटलं तरी हेच होतं; अशा वेळी उलटी काढू नका, सरळ दवाखाना गाठा. छाती शेकल्यानं आतला संसर्ग हलत नाही, आणि मेळघाटात पोटावर तापल्या विळ्याचे चटके देतात, त्यानं तर दुखण्यात दुखण्याची भर पडते.

मजकुरात नसलेली आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे श्वास मोजणं. लेकरू शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचं झबलं वर करा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून पोटाचं वरखाली होणं मोजा. २ महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं १९८८पासून गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवलं, आणि त्या गावांतले बालमृत्यू घटले. म्हणजे हे आपल्या मातीत करून दाखवलेलं काम आहे.

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, लेकरू पीत नसेल, सुस्त पडलं असेल, ओठ निळे दिसत असतील, तर मोजत बसू नका, १०८ला फोन लावा. महिन्याच्या आतल्या बाळाला ताप-खोकला नसतानाही न्यूमोनिया असू शकतो. म्हाताऱ्या माणसातही ताप नसतो कधी कधी, नुसतं बरळणं सुरू होतं.

हिबची लस पेंटाव्हॅलंट या पाच-आजारांच्या एकत्र लशीतच येते. न्यूमोकोकसची पीसीव्ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. गोवराचा पहिला डोसही नऊ महिने पूर्ण झाल्यावरच असतो. घरातल्या लेकराचं कार्ड काढा आणि यातला कोणता डोस राहिलाय ते आशाताईंना दाखवा.